दहा डॉलर आणि थोडी हळद

माझे वडील कॅशियर होते, ही गोष्ट मी जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये कुणालाही सांगायला नको होती. पण त्या आठवड्यात इमारतीचा जिना पुसायची पाळी आमची होती. हातात ओलं फडकं धरून वाकलेल्या माणसाला आपल्या घराण्याचा मोठेपणा का आठवतो कोण जाणे, मला आठवला. तळमजल्यावरच्या फ्राऊ डेटवायलर दारात उभ्या राहून मी कोपरे नीट पुसतोय की नाही ते बघत होत्या. वय बहात्तर, पाठ ताठ, आणि कुणी काचेची बाटली कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती बाटली हातात घेऊन तीन मजले चढून येणार. मी त्यांना सांगितलं, की माझे वडील साताऱ्याला सहकारी बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होते आणि खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखायचे. कोपऱ्यांवरून विषय दुसरीकडे जावा, एवढाच माझा हेतू होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या दारात हजर. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात त्यांच्या आईची पाककृतींची वही, आणि वहीत आलुबुखाराच्या केकच्या पानाशी एक नोट.

"हेर दाबके," त्या म्हणाल्या (इथे 'हेर' म्हणजे श्रीयुत), "तुम्हाला इंग्लिश येतं, आणि नोटांतलंही कळतं. यावर काय आहे ते बघा आणि मला सांगा. माझ्या वडिलांची आहे."

वडील अमेरिकन सैनिक होते. १९५३ साली, बाई जन्मायच्या आधीच, त्यांची बदली झाली आणि ते गेले ते गेलेच. "त्यांना माझ्याबद्दल माहीतच नव्हतं, असं आई सांगायची," असं फ्राऊ डेटवायलर तळघरातला दिवा गेलाय हे सांगायच्या सुरात म्हणाल्या.

आमच्या गावात अमेरिकन माणसं पैशाला पासरी. विमानतळ त्यांचा, छावणी त्यांची, शनिवारी सुपरमार्केटमध्ये निम्म्या ट्रॉल्या त्यांच्या. मी विचारलं, त्यांच्यापैकी कुणाला का नाही दाखवलीत?

"त्यांना मी काही विचारत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांची भाषासुद्धा शिकले नाही. शाळेत त्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचे."

मी नोट दिव्याखाली धरली. समोर दहाचा आकडा, मधे कोणी नाकेला गृहस्थ, तपकिरी शिक्का. डावीकडे काळ्या अक्षरांत 'द फर्स्ट नॅशनल बँक ऑफ कॉटनवुड बेंड, नेब्रास्का' हे मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. बाईंनी मान हलवली आणि थांबून राहिल्या. मी म्हणालो, याचा नीट अभ्यास करावा लागेल, महिनाभर तरी लागेल. त्या "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाल्या आणि नोट माझ्याकडे ठेवून डबा घेऊन खाली गेल्या. त्या कशासाठी थांबल्या होत्या हे मी तेव्हाच विचारलं असतं, तर ही कथा इथे संपली असती आणि माझं आयुष्य पुन्हा होतं तसं कंटाळवाणं सुरू झालं असतं. पण 'यावर काय आहे ते बघा' याचा मराठी मध्यमवर्गीय माणसाला एकच अर्थ ऐकू येतो. तो म्हणजे, हिचे किती येतील?

अभ्यास मी खरोखरच केला. पूर्वी अमेरिकेत गावोगावच्या बँका सरकारची सनद घेऊन आपापल्या नावाची नोट काढत. १९३५ नंतर ते बंद झालं. माझ्याकडची नोट १९२९च्या मालिकेतली, शेवटच्या काळातली. समोर ठसठशीत छापलेला काळा आकडा म्हणजे बँकेचा सनद क्रमांक. त्यावरून बँक ओळखायची. आणि खाली दोन सह्या. उजवीकडे बँकेच्या अध्यक्षाची, डावीकडे कॅशियरची! नोटेवर कॅशियरची सही! माझ्या वडिलांची सही चौतीस वर्षांत पासबुकं आणि रजेचे अर्ज यांच्यापलीकडे कुठे गेली नाही. मी ते पान नंदिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "बघितलं. कणीक संपलीये."

किमतीचं शास्त्र याहून अवघड निघालं. नोट दहाची की वीसची याला फारसं महत्त्व नाही. त्या गावच्या बँकेच्या जगात किती नोटा शिल्लक आहेत, ते महत्त्वाचं. संग्राहक लोक त्याची चक्क खानेसुमारी ठेवतात. मोठ्या शहरातल्या बँकेच्या हजारो नोटा, त्यांना कुत्रं विचारत नाही. कॉटनवुड बेंडच्या होत्या फक्त तीन. त्यातली एक काही वर्षांपूर्वी लिलावात अठराशे डॉलरना गेली होती. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो. बाहेर नेहमीचं राखाडी आकाश आणि राखाडी बसस्टॉप. जगातली चौथी नोट आमच्या इन्शुरन्सच्या फाइलमध्ये होती.

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण मी दत्ताला सांगितलं. दत्ता पलीकडच्या इमारतीत राहतो, मूळचा पुण्याचा, आणि त्याला माहीत नाही असा विषय अजून निघालेला नाही. तो म्हणाला, "अरे, आधी लॅमिनेट करून घे. माझी दहावीची मार्कशीट बघ, अजून नवी आहे." मी नको म्हणालो, तर त्यानं फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चौसष्ट सभासदांपैकी एकानं विचारलं, याची नोटबंदी झालीये का? दुसऱ्यानं लिहिलं, खोटी आहे, माणूस ओळखीचा वाटत नाही. तिघांनी अभिनंदन केलं, त्यातल्या दोघांना माझा वाढदिवस आहे असं वाटलं होतं. फोटो अर्थातच समोरच्या बाजूचा होता. मागची बाजू कुणीच मागितली नाही.

नोटेची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवून घ्यायचा तर ती अमेरिकेला तज्ज्ञांकडे पाठवावी लागते. मी रजा काढून एका कुरिअरच्या काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, नोट. त्या म्हणाल्या, रोख रक्कम पाठवता येत नाही. मी म्हणालो, ही रोख नाही, संग्राह्य वस्तू आहे. मग वस्तूची किंमत लिहा. किंमत माहीत नाही, तीच ठरवायला पाठवतोय. किमतीशिवाय विमा नाही, विम्याशिवाय मौल्यवान वस्तू घेत नाही. मी म्हणालो, मग दहा डॉलर लिहितो. त्या म्हणाल्या, आल्झो, म्हणजे मग ती रोख रक्कम झाली. माझ्या मागे सात माणसं उभी होती. सातही जर्मन माणसं गप्प होती, आणि जर्मन माणसांची रांग गप्प बसते तेव्हा कान कसे तापतात ते ज्याचे तापलेत त्यालाच कळेल. मी नोट फाइलसकट घेऊन घरी आलो.

आणि दिवाळी आली. आडवारी, ऑफिसच्या दिवशी, बाहेर सहा अंश. लक्ष्मीपूजनाला आम्ही दरवर्षी पाटावर थोडे सोन्याचे दागिने, काही युरो आणि वडिलांनी दिलेली एक रुपयाची नाणी ठेवतो. नंदिनी म्हणाली, "ती नोटही ठेवूया का रे? दुसऱ्याची ठेव आहे घरात. आणि लक्ष्मी ती लक्ष्मीच." यात चूक काय काढणार? सातवीतली कुहू मात्र सोफ्यावरून म्हणाली, "पापा, दास इस्ट आइन डोकुमेंट," म्हणजे तो दस्तऐवज आहे. आमच्या मुलीला मराठी समजतं, पण आम्हाला बोल लावायचे असले की ती जर्मन वापरते.

पूजेला मीच बसलो होतो, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. डाग पडलाच तर तोंडावर नको, म्हणून नोट मी मुद्दाम पालथी ठेवली. एवढी अक्कल मला होती. मग नेहमीच्या सवयीनं अनामिका पाण्यात बुडवली, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. जगातल्या चौथ्या नोटेच्या पाठीवर, खालच्या पांढऱ्या पट्टीवर, माझं बोट टेकलं.

सकाळी अक्षता झटकल्या. पट्टीवर एक गुलाबी ठिपका आणि त्याशेजारी बोटाएवढा पिवळाधमक डाग. मी कुहूचं खोडरबर घेतलं आणि घासायला बसलो. कुंकू बरंचसं निघालं. हळद तसूभर हटली नाही. उलट आणखी आत शिरून बसली. घासता घासता माझ्या लक्षात आलं, की त्याच पट्टीवर पेन्सिलीनं काहीतरी खरडलंय. बारीक, पुसट, दोन ओळी.

इथे मला वडील आठवले. आपल्याकडे बँकेतले कारकून गड्डी मोजून झाली की वरच्या नोटेवर आकडे खरडायचे. वडिलांना त्याची भयंकर चीड होती. त्यांनी एकदा एका कारकुनाला सगळ्या शाखेसमोर रबर आणून दिलं होतं आणि नोट स्वच्छ होईपर्यंत समोर उभे राहिले होते. म्हणजे कॉटनवुड बेंडलाही असले नग होतेच तर! मला जरा बरंही वाटलं. हळद निघत नाही तर निदान हे तरी काढू, किंमत थोडी सावरेल. मी दोन्ही ओळी खोडल्या. हलक्या हातानं, एका दिशेनं, वडील सांगायचे तशा. हळदीच्या जागी मात्र तीनदा घासलं.

मग ती नोट घेऊन मी हेर फोग्ट यांच्याकडे गेलो. जुन्या बाजाराजवळ त्यांचं नाण्यांचं आणि तिकिटांचं छोटं दुकान आहे. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ समोरची बाजू पाहिली आणि चेहरा उजळला. मग नोट उलटली.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद," मी म्हणालो.

"स्वयंपाकात सांडली?"

"नाही. लावली."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. लक्ष्मीपूजन जर्मनमध्ये समजावणं मला कधीच जमलेलं नाही. संपत्तीची देवता असते, वर्षातून एकदा तिच्यापुढे धन ठेवायचं, म्हणजे ते वाढतं, असं मी सांगितलं. हेर फोग्ट फार सभ्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "परवा ही नोट पंधराशे युरोंची होती. आज शंभर-सव्वाशे. आणि इथे कुणीतरी खोडलंय."

"कारकुनाची खरड होती."

"अमेरिकेत कारकून नोटांवर खरडत नसत," ते म्हणाले. "सैनिक मात्र पुष्कळदा लिहीत."

बसमध्ये मी उतरायचा स्टॉप चुकलो. चुकून आलेले दोन स्टॉप पावसात चालत परत येताना मी वाक्यं जुळवत होतो. रकमेचा फरक मी भरून देणार होतो; त्यात घरात भांडण होणार होतं, पण ते पुढचं. तळमजल्यावरची घंटा वाजवली. फ्राऊ डेटवायलरांनी मला आत बसवलं, कॉफी दिली, आणि मी बँक, सनद, खानेसुमारी असं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "हो, हो. आणि मागे?"

"मागे?"

"मागे त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे. तेच तर वाचायला दिलं होतं. आईला इंग्लिश येत नव्हतं, मला शिकायचं नव्हतं. या वर्षी वाटलं, आता कळलं तर चालेल. गावातल्या कुणाला दाखवायचं नव्हतं. तुम्ही बाहेरचे."

मी सांगितलं. हळदीचंही सांगितलं, रबराचंही.

"खोडायच्या आधी वाचलंत?"

"नाही."

"वाचून तरी खोडायचं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. माझा कप अर्धा भरलेला होता, तो त्यांनी उचलून आत नेला, आणि मी नोट टेबलावर ठेवून वर आलो.

त्यानंतर तीन आठवडे त्या मला काही बोलल्या नाहीत. पुन्हा जिन्याची पाळी आली, मी कोपरे दातांच्या ब्रशनं घासले, दार उघडलं नाही. मी मुद्दाम एक कोपरा तसाच सोडून पाहिला, तरी उघडलं नाही. दत्ता म्हणाला, "सोड रे, अजून सव्वाशे युरो येतील ना तिचे." दत्ताशी मी तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलतो. नंदिनीनं चकल्यांचा डबा तळमजल्यावर ठेवला. तो दुसऱ्या दिवशी धुवून, पुसून, रिकामा आमच्या दाराशी परत आला, वर चिठ्ठी नाही. मला ऑफिसात, आंघोळीत, कुहूच्या पालकसभेत त्या दोन ओळी दिसायच्या. दिसायच्या म्हणजे त्या होत्या एवढंच दिसायचं. अक्षर एकही नाही. बापाचं एकुलतं एक हस्ताक्षर मी, कॅशियरच्या मुलानं, किंमत वाढावी म्हणून पुसलं होतं. वडील असते तर त्यांनी मला सगळ्या शाखेसमोर उभं केलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

शेवटी मी पुन्हा हेर फोग्टांकडे गेलो आणि काही करता येईल का म्हणून गयावया केली. ते म्हणाले, पेन्सिल दाबून धरली असेल तर काळा रंग जातो, पण कागदावर चर राहतात. खोलीत अंधार करायचा, दिवा टेबलावर आडवा ठेवायचा, चरांमध्ये सावली पडते. पण खात्री नाही, असं ते तीनदा म्हणाले.

मी फ्राऊ डेटवायलरांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. शनिवारी दहा वाजता त्या कोट घालून, डबा पिशवीत घेऊन जिन्याशी उभ्या होत्या. बसमध्ये त्या माझ्या पुढच्या सीटवर बसल्या.

दुकानाचं शटर अर्धं ओढून हेर फोग्टांनी दिवा आडवा ठेवला. आम्ही तिघं वाकलो. सुरुवातीला नुसता सुरकुतलेला कागद दिसला. मग त्यांनी नोट किंचित फिरवली आणि एक वेलांटीसारखं काहीतरी उठलं. मी एकेक अक्षर बोलत गेलो, फोग्ट लिहीत गेले. वीस मिनिटं लागली. पहिली ओळ: कंडेन्स्ड मिल्क, सोप. मी भाषांतर केलं. दुधाचा डबा, साबण.

"ही तर वाण्याची यादी आहे," फ्राऊ डेटवायलर म्हणाल्या. बहात्तर वर्षं केकच्या पानाशी जपलेलं हे एवढंच असावं, याचं मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या ओळीतला पहिला शब्द हळदीखाली होता. त्याच्या पुढचे लागले. वूल फॉर द किड. मी ते इंग्लिशमध्ये वाचलं आणि जर्मनमध्ये सांगायच्या आधी थांबलो.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"लोकर. बाळासाठी."

हेर फोग्टांना अचानक पलीकडच्या कपाटात काहीतरी आवरायचं आठवलं. फ्राऊ डेटवायलर दिव्याच्या उजेडात नोटेकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"खरेदीला पैसे दिले होते." त्या म्हणाल्या, "आणि आईनं ते मोडलेच नाहीत. ना दूध आणलं, ना लोकर. मला म्हणाली, त्याला माहीतच नव्हतं." त्यांनी नोटेला हात लावला नाही. "मी तिच्या कबरीवर दर रविवारी फुलं ठेवते, हेर दाबके."

मी त्यांचा कोट खुर्चीवरून घसरत होता तो नीट केला.

"लोकरीच्या आधी काय आहे?"

"वाचता येत नाही. तिथे..." मी बोटानं डाग दाखवला.

"रंग असणार. लोकर आणायला सांगताना माणूस रंग सांगतो. तुम्ही बघितलं होतं. इंग्लिश वाचणारं तुमच्याशिवाय कुणीच ते बघितलेलं नाही. आठवा."

मी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. त्या दिवशी मी फक्त खरड बघितली होती. हेर फोग्टांनी दिवा इकडून तिकडून धरून पाहिला. तीनदा घासलेल्या त्या जागी चर नव्हते, काहीच नव्हतं, फक्त माझ्या अनामिकेएवढा डाग. फ्राऊ डेटवायलर त्या डागाकडे बघत होत्या.

"गेल्ब?" त्यांनी विचारलं. "पिवळी?"

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षांत स्वतः न मोजलेल्या गड्डीवर एकदाही सही केली नाही.

"हो," मी म्हणालो. "पिवळी. आता आठवलं."

"नक्की?"

"गेनाऊ."

त्यांनी नोट वहीत ठेवली, वही डब्यात ठेवली आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

"पिवळा मला कधीच शोभला नाही," फ्राऊ डेटवायलर म्हणाल्या, आणि बसस्टॉपपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.